क्रेसी लिओनार्दो: पहिला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणून कसा?

ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स झाला की ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या डायव्हरची नजर आधी रंगीत स्क्रीनच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे पाण्याखाली खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणाऱ्या मनगटी यंत्रावर जाते. वर्षातून एक-दोनदा मालवण किंवा कर्नाटकातलं नेत्राणी बेट करणाऱ्याला त्याची गरज नाही. त्याला क्रेसी कंपनीचा लिओनार्दो पुरतो.

मालवणच्या गढूळ पाण्यात मास्कमधून झटकन वाचता यायला हवेत ते दोन आकडे: खोली आणि डेकोशिवाय (म्हणजे शरीरातला नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे न लागता) उरलेली मिनिटं. इथे दोन्ही मोठे, ठळक दिसतात. वर येण्याचा वेग वाढला की बीप वाजते आणि ५ मीटरवरच्या ३ मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपची, म्हणजे वर येतानाच्या खबरदारीच्या थांब्याची, उलटी मोजणीही दिसते.

बटण एकच, आणि खरी कटकट तिथेच. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) ३२ टक्के लावताना आकडा हुकला की मागे येता येत नाही. ५० पर्यंत जाऊन पुन्हा २१ पासून मोजत यावं लागतं. त्यामुळे सिलिंडर तपासून झाला की किनाऱ्यावरच, शांतपणे हे उरकून घ्या. ३२ टक्क्यांना, पीओटू (ऑक्सिजनचा आंशिक दाब) १.४ धरून, खोलीची मर्यादा सुमारे ३३ मीटर येते. एक चूक जास्त घातक: सिलिंडरमध्ये साधी हवा आणि कॉम्प्युटर ३२ वर राहिला, तर तो तुम्हाला खऱ्यापेक्षा जास्त मिनिटं देतो.

लिओनार्दोचं मिनिटांचं गणित सावध आहे. दुसऱ्या डाइव्हला बडीच्या (जोडीदार डायव्हरच्या) कॉम्प्युटरपेक्षा याची मिनिटं कमी दिसू शकतात. अशा वेळी जो कमी सांगेल त्याचं दोघांनीही ऐकायचं.

बॅटरी सीआर २४३०, घरी बदलता येते. स्टेशनजवळच्या घड्याळाच्या दुकानात बहुधा २०३२ पुढे करतात; ती इथे बसत नाही, म्हणून एक जादा जवळ असू द्या. झाकण उघडल्यावर ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) उजेडात धरून बघा. वाळूचा एक कण किंवा केस राहिला तरी पाणी आत शिरतं. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर पुरे.

दुसरा पर्याय सूंटो झूप नोवो; त्याला बटणं जास्त, त्यामुळे सेटिंग सोपं. पण डेकोचा थांबा चुकवलात तर तो ४८ तास हिशेबच बंद ठेवतो. रंगीत स्क्रीनचा शिअरवॉटर पेरिग्रिन उत्तमच, पण नियमित डाइव्ह करणाऱ्यासाठी.

विमान पकडायचं असेल तर शरीरातला नायट्रोजन निघून जायला एका डाइव्हनंतर किमान १२, अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबा. कुडाळहून कोकण रेल्वेने ठाण्याला परतणाऱ्यांना ही अडचण नाही. आंबोली मात्र सुमारे ६९० मीटर उंच आहे, उंचीचा धोका तिथेही तोच; पाण्यातून निघून लगेच तो घाट चढू नका.

जुना घेत असाल तर बॅटरीच्या खाचेत हिरवट-पांढरी पूड आहे का बघा; असेल तर सोडून द्या. भाड्याने देणाऱ्यांच्या सोयीसाठी लिओनार्दोत नायट्रोजनचा हिशेब पुसणारं रिसेट आहे. तुम्ही गेल्या २४ तासांत डाइव्ह केली असेल तर त्याला हात लावू नका. पुढच्या डाइव्हला तो तुम्हाला ताजातवाना समजून मिनिटं देईल.