सार्वमत की नागरिक सभा?

मोठा प्रश्न थेट जनतेला विचारायचा, की चिठ्ठ्या टाकून शंभरेक सामान्य माणसं निवडायची, तज्ज्ञांना ऐकून त्यांनी चर्चा करायची आणि शिफारस द्यायची?

सार्वमताचा प्लस पॉइंट म्हणजे निकालावर सगळ्यांचा शिक्का असतो. पण प्रश्न हो-नाहीत कोंबावा लागतो. ब्रेक्झिटच बघा, २०१६ ला ब्रिटनमध्ये मत देणाऱ्यांपैकी ५१.९ टक्के लोक युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणाले, पण बाहेर म्हणजे नक्की कसं, सिंगल मार्केट (युरोपची सामायिक बाजारपेठ) सोडायचं का, आयर्लंडच्या सीमेचं काय, हे मतपत्रिकेवर नव्हतंच, मग खासदार पुढची काही वर्षं त्यावरच भांडत बसले.

नागरिक सभेत घाई नसते, मत बदलायला वाव असतो. मात्र तिला कुणी निवडून दिलेलं नसतं, त्यामुळे शिफारशी गुंडाळून ठेवणं सरकारला सोपं जातं. फ्रान्सच्या १५० जणांच्या हवामान सभेने २०२० मध्ये १४९ प्रस्ताव दिले, त्यातले बरेच नंतर पातळ झाले (आणि राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉननी आधी शब्द काय दिला होता, तर काटछाट न करता पुढे नेऊ!).

मला आयर्लंडचा रस्ता पटतो. गर्भपाताच्या प्रश्नावर आधी ९९ नागरिकांची सभा, मग संसदेची समिती, मग २०१८ ला सार्वमत, बंदी उठवायला ६६.४ टक्के होकार. वेळखाऊ आहे, पण लोकांना निदान कळलं तरी होतं आपण कशाला मत देतोय.