केप कोरलमध्ये घर घेण्याआधीचं हरिकेन इन्स्पेक्शन: ५ पैकी ४ स्टार

साउथवेस्ट फ्लोरिडात घर शोधताय आणि एजंट म्हणतोय विंड मिटिगेशन वगैरे नंतर बघू, इन्शुरन्सवाले मागतील तेव्हा करू, तर ऐकू नका, ऑफर पक्की व्हायच्या आधीच करून घ्या. आम्ही केप कोरलमध्ये कॅनॉलच्या काठचं १९८०च्या दशकातलं एक बैठं घर बघत होतो, त्याचं जनरल इन्स्पेक्शन, फोर पॉईंट (छप्पर, वायरिंग, प्लंबिंग आणि एसी या चार गोष्टींची तपासणी) आणि विंड मिटिगेशन तिन्ही एकाच माणसाकडून करून घेतलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण लायसन्सवाला कुठलाही चांगला इन्स्पेक्टर साधारण हेच करतो, आणि मला बोलायचंय ते या सर्व्हिसबद्दलच.

विंड मिटिगेशन म्हणजे तुमचं छप्पर वाऱ्यात टिकेल का याची झडती. माणूस सरळ ॲटिकमध्ये शिरला आणि घामाघूम होऊन बाहेर आला, पण फोटो एकूण एक काढले. प्लायवूडला खिळे किती लांबीचे आणि किती इंचांवर मारलेत, ट्रस, म्हणजे छपराचा लाकडी सांगाडा, भिंतीला नुसता तिरक्या खिळ्यांनी धरलाय की लोखंडी क्लिप आहे की पट्टा वरून गुंडाळून ठोकलाय, छप्पर चारी बाजूंनी उतरतं की दोनच बाजूंनी, खिडक्या, दारं, गॅरेज सगळ्यांना शटर किंवा इम्पॅक्ट ग्लास (वादळात उडत्या वस्तू आदळल्या तरी टिकणारी काच) आहे का. या घराला क्लिपा निघाल्या, शटर मात्र फक्त पुढच्या खिडक्यांना, आणि काचेचं एक दार जरी शटरविना राहिलं तरी इन्शुरन्सची पूर्ण सवलत मिळत नाही हे त्याने तिथेच नीट समजावलं. हे सगळं ज्या फॉर्मवर भरतात तो ५ वर्षं चालतो आणि त्यातल्या गोष्टींवर प्रीमियममध्ये सूट देणं इन्शुरन्स कंपन्यांना कायद्यानेच भाग आहे. २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे कौलं, पत्रे आणि सुपारीच्या वाड्या काही तासांत कशा आडव्या झाल्या ते घरच्यांनी पाहिलंय, त्यामुळे छपराच्या बाबतीत इतका बारकावा बघून खरंच बरं वाटलं.

या सगळ्याचं मूळ १९९२च्या ॲन्ड्र्यू वादळामध्ये आहे. मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडकडे वसाहतीच्या वसाहती उडाल्या, घाईत बांधलेल्या घरांची छपरं धड ठोकलेलीच नव्हती हे उघड झालं, आणि २००२पासून अख्ख्या राज्याला एकच बिल्डिंग कोड लागू झाला. त्याचा उपयोगही झाला. २००४ला चार्ली वादळ आलं तेव्हा नव्या कोडची घरं जुन्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली टिकली.

मग एक स्टार का कापला? कारण तपासणी घराची होते, वस्तीची होत नाही, आणि इथला खरा धोका वस्ती कशी वाढली त्यात आहे.

चार्ली इथल्याच किनाऱ्यावरच्या कायो कोस्टा बेटावर ताशी १५० मैलांच्या वाऱ्याने धडकलं होतं. २८ सप्टेंबर २०२२ला इयन त्याच बेटावर, त्याच वेगाने धडकलं. पण चार्ली आकाराने छोटं आणि झपाट्याने निघून गेलेलं, इयन पसरट आणि संथ, त्यामुळे समुद्र आत घुसला, फोर्ट मायर्स बीचवर १० ते १५ फूट पाणी. क्लिपा, पट्टे, इम्पॅक्ट ग्लास, पाण्यापुढे यातलं काय कामाचं? आणि या दोन वादळांच्या मधल्या काळात ली काउंटीत (केप कोरल याच काउंटीत येतं) माणसं किती वाढली बघा, २०००च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ४० हजार, २०२०ला ७ लाख ६० हजार. १९६०ला डोना याच किनाऱ्यावर आलं तेव्हा काउंटीत सगळी मिळून ५५ हजारसुद्धा नव्हती! म्हणजे वादळं पूर्वीही यायचीच, पण आता त्यांच्या वाटेत घरं किती, आणि ती कुठे?

केप कोरल हे तर याचं सगळ्यात ठळक उदाहरण. १९५७मध्ये रोझेन बंधूंनी इथलं खाजण आणि पाइनचं रान घेतलं, कॅनॉल खणले, निघालेली माती दोन्ही बाजूंना टाकून प्लॉट पाडले आणि उत्तरेतल्या थंडीला कंटाळलेल्या लोकांना हप्त्यांवर विकले. आज ४०० मैलांच्या वर कॅनॉल आहेत आणि दोन लाखांच्या वर लोक. तिवरं जिथे गेली तिथे लाटेला अडवणारं काही उरलं नाही, आणि दारात बोट लावायची जी सोय तीच उधाणाचं पाणी आत यायची वाट.

आता रिकामे प्लॉट भरत चाललेत. नवीन घराला फ्लड कोडप्रमाणे जोतं वर घ्यावं लागतं, म्हणून भराव टाकतात, ते घर सुरक्षित होतं, पण शेजारचं १९८०मधलं घर खड्ड्यात बसल्यासारखं दिसायला लागतं. आमच्या त्या घराच्या दोन्ही बाजूंना हेच झालेलं, आणि साधा पावसाळी पाऊस पडला तरी पाणी कुठे जाणार हे बघूनच कळत होतं. रिपोर्टमध्ये याबद्दल एक ओळ नाही. इन्स्पेक्टरला विचारलं तर म्हणाला ते माझ्या कामात येत नाही, आणि त्याचं खरंच आहे, फॉर्ममध्ये तो रकानाच नाही.

म्हणून हे तुम्हीच करा. सर्व्हेयरकडून एलिव्हेशन सर्टिफिकेट घ्या, त्यात जोत्याची उंची फुटांत कळते. ऑक्टोबर २०२४पासून फ्लोरिडात विकणाऱ्याला पुराचा क्लेम केला होता का ते लेखी सांगावं लागतं, तो कागद मागाच. साध्या होम पॉलिसीत पूर येत नाही, फ्लड पॉलिसी वेगळी, आणि सरकारी घेतली तर सहसा ३० दिवसांनी चालू होते, म्हणजे वादळ मेक्सिकोच्या आखातात दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. जुन्या बुटक्या घराला ५० टक्क्यांचा नियमही लक्षात ठेवा, दुरुस्तीचा खर्च जमीन सोडून नुसत्या घराच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला तर अख्खं घर आजच्या फ्लड कोडला आणावं लागतं, म्हणजे बहुतेक वेळा उचला नाहीतर पाडा.

जमलं तर बॅबकॉक रँचसुद्धा बघून या. ते आत आहे, समुद्रापासून लांब, जमीन २५ ते ३० फूट उंच, पाणथळ जागा राखून आखलेलं गाव, आणि इयनमध्ये तिथले दिवे गेले नाहीत. सगळ्यांना तिथे परवडणार नाही हे मान्य, पण वस्ती आखतानाच पाण्याचा विचार केला तर काय फरक पडतो ते डोळ्यांनी दिसतं.

आम्ही ते कॅनॉलवालं घर सोडलं. इन्स्पेक्शनचे पैसे मात्र वसूल, आणि या माणसाला पुन्हा नक्की बोलवीन. तिन्ही एकत्र बुक करा, वेगवेगळं केलंत तर महाग पडतं, आणि तो ॲटिकमध्ये असताना तुम्ही तिथे हजर राहा, रिपोर्टमध्ये न लिहिलेलं बरंच तो तोंडी सांगतो.