अ‍ॅनालॉग स्कॅनरवर आधी काय ऐकावं: विमानं, जहाजं की हॅम?

स्कॅनर, म्हणजे एकामागून एक फ्रिक्वेन्सी चाळत कुठे बोलणं चाललंय ते पकडणारा रेडिओ, म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पोलिसांचा वायरलेस असतो. तो नाद आधीच सोडा. बऱ्याच देशांत पोलीस केव्हाच डिजिटलवर गेलेत. अ‍ॅनालॉग स्कॅनरवर त्यांची नुसती घरघर ऐकू येते. शिवाय काय ऐकायला परवानगी आहे, हे देशागणिक बदलतं. खरेदीआधी तेवढं बघून घ्या.

माझा कौल सरळ विमानांना. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर अजून ए.एम.वरच चालतो, आणि त्यात एक शहाणपणही आहे. एफ.एम.वर दोघं एकदम बोलले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला पार गिळून टाकतो. ए.एम.वर दोघांची सरमिसळ होऊन शिट्टी वाजते आणि आणखी कुणीतरी बोलतंय हे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरला कळतं. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान मोकळ्या जागेतून चारशेएक किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतं. टॉवर मात्र जवळ असेल तरच. म्हणजे बहुतेकांना अर्धंच संभाषण मिळणार. पण वैमानिक मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो, त्यामुळे फारसं अडत नाही.

जहाजांचा पट्टा १५६ ते १६२ मेगाहर्ट्झ, एफ.एम. किनाऱ्यावर किंवा बंदराजवळ राहत असाल तर जरूर घ्या. आत राहणाऱ्यांनी विसरा. सगळे १६ नंबरवर, म्हणजे १५६.८०० वर, एकमेकांना हाक मारतात आणि लगेच दुसऱ्या चॅनेलवर जातात. नुसता १६ लावून बसलात तर हाकाच ऐकाल. बंदराचे कामाचे चॅनेलही मेमरीत हवेत.

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, दोन मीटर बँड १४४ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. इथे तासन्‌तास शुकशुकाट, मग अचानक गप्पांचा फड. १४५.८०० मात्र भरून ठेवा: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना कधीकधी तिथे बोलतं, आणि तेही फार तर दहा मिनिटं.

फ्रिक्वेन्सींची तयार यादी की स्वतःचा शोध? सुरुवातीला यादी, पण खरी मजा शोधात. एका वेळी एकदोन मेगाहर्ट्झचाच तुकडा घ्या आणि मोड (ए.एम. की एफ.एम.) व स्टेप (स्कॅनर एका वेळी किती पुढे सरकतो ते) बघा. विमानांच्या पट्ट्यात स्कॅनर एफ.एम.वर राहिला तर बोलणं असूनही धड समजत नाही. युरोपात तिथली स्टेप ८.३३ किलोहर्ट्झ, फक्त २५ची स्टेप असलेला जुना स्कॅनर बरेच चॅनेल ओलांडून जातो. शोध एखाद्या फ्रिक्वेन्सीवर थांबून नुसतीच शांतता किंवा गुणगुण ऐकू आली, तर अँटेना काढून बघा. तरीही सिग्नल तसाच राहिला तर तो बहुधा स्कॅनरच्या पोटातलाच. ती फ्रिक्वेन्सी लॉकआउट करा, म्हणजे शोधातून वगळा, आणि पुढे जा.