सुमोच्या स्टेअरिंग बॉक्सचं सील किट: मोठं सील झकास, ओ-रिंगने रडवलं

आप्पांची सुमो व्हिक्टा 2007 ची. रबराचं वय झालं होतं, त्यात गाडीचा दोष नाही. रोज सकाळी गाडी काढली की पार्किंगच्या फरशीवर लालसर तेलाचा तळहाताएवढा डाग. स्टेअरिंग बॉक्स गळत होता. आठ-दहा दिवसांनी स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीत एटीएफ (पॉवर स्टेअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल) ओतायचं, की पुन्हा तेच. गॅरेजवाल्याने बॉक्सच बदला म्हणून 14,000 सांगितले. मी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये लॅब असिस्टंट आहे. रबरासाठी एवढे पैसे द्यायचं जिवावर आलं. नाना पेठेतून 680 रुपयांना सील किट आणलं.

पुडीत निघालं ते असं: ड्रॉप आर्मच्या (बॉक्सच्या खालचा, चाकं वळवणारा दांडा) शाफ्टचं मोठं सील, वरच्या इनपुट शाफ्टचं छोटं सील, दोन डस्ट कव्हर, सात ओ-रिंग (गोल रबरी रिंगा), टेफ्लॉनच्या तीन रिंगा, तांब्याचे वॉशर. कुठली रिंग कुठे, याची चिठ्ठी नाही. जुनी काढली की नवी तिच्याशेजारी ठेवून फोटो काढत गेले, म्हणून निभावलं.

ड्रॉप आर्मने अख्खा शनिवार खाल्ला. नट सुटला, आर्म हलेना. शेजारच्या काकांनी (एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त) बजावलं, "पोरी, शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायची नाही, आत बेअरिंग आहे." पुलर (आर्म ओढून काढायचं हत्यार) भाड्याने आणला, ताण दिला, आर्मच्या कडेला दोन ठोके दिले तेव्हा कुठे सुटला. त्याआधी आर्म आणि शाफ्टवर पंचने खूण करून ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं दिसतं.

जुनं सील नखाने वाकेना, इतकं कडक झालेलं. नवं मऊ, ओठ (शाफ्टला टेकणारी कड) एकसारखा, आतली स्प्रिंग घट्ट. या सीलला पूर्ण मार्क. स्टेअरिंग वळवलं की पंपाचा दाब थेट त्याच्यावर येतो आणि तो दाब 80 ते 100 बारच्या घरात जातो. मापाला बसतंय म्हणून बेअरिंगच्या दुकानातलं साधं ऑइल सील घालाल तर ते पहिल्याच वळणाला बाहेर येईल. बसवताना शाफ्टच्या दातांवर टेप गुंडाळली, सीलला एटीएफ लावलं, स्प्रिंगची बाजू आत ठेवली आणि जुन्या बेअरिंगच्या रिंगेने हळूहळू ठोकलं.

टेफ्लॉन रिंगांना मी हात लावला नाही. त्यासाठी आतला पिस्टन काढावा लागतो, आणि वर्म (आतला स्क्रू, तो गोळ्यांवर फिरतो) जास्त फिरला की स्टीलच्या गोळ्या घरभर. माझी गळती खालच्या मोठ्या सीलची होती, मग कशाला?

आता तक्रार. वरच्या झाकणाची ओ-रिंग खाचेत सैल बसत होती. दुर्लक्ष केलं. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, टाकीतले बुडबुडे थांबले, इंजिन चालू केलं आणि झाकणाच्या कडेने तेल झिरपायला लागलं. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त पुठ्ठा आणून खाली सरकवला. ते जास्त लागलं. जुन्या रिंगेची जाडी व्हर्नियरने मोजून 25 रुपयांना नायट्राइलची (तेल सोसणारं रबर) रिंग आणली, रविवारी संध्याकाळी पुन्हा झाकण उघडलं. झाकण जागेवर स्थिर असतं, म्हणून तिथे साधी ओ-रिंग चालून जाते. छोटं सील ठीक. डस्ट कव्हर पातळ.

दोन महिने झाले. मधे वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाऊन आलो, खालून बॉक्स कोरडा. पुलरचं भाडं 150, एटीएफ दीड लिटर लागलं, आणि माझी एक ओढणी कायमची लाल झाली.

पाचपैकी साडेतीन देईन. पण पैसे मोजण्याआधी डस्ट कव्हर सरकवून शाफ्ट पुसा आणि त्यावरून नख फिरवा. आमच्या शाफ्टवर नुसता गंजाचा पुसट डाग होता, तो बारीक पॉलिश पेपर आणि तेलाने गेला. नख अडकेल असा खड्डा असेल तर किट घेऊ नका, नवं सील महिन्याभरात ओलं होईल.