दुप्पट करून तीस मिळवा? नागपूरच्या मे महिन्यात नको

सेल्सिअसची दुप्पट करा, 30 मिळवा, झालं फॅरेनहाइट. ही युक्ती बहुतेकांना ठाऊक असते आणि ती वाईटही नाही, पण ती थंड हवेची आहे. 10 अंशांना ती 50 सांगते, तेच अचूक उत्तर. डिसेंबर-जानेवारीतल्या नागपूरच्या पहाटेला म्हणूनच ती चालून जाते. 20 ला दोन अंश जास्त, 30 ला चार. पारा चढतो तशी चूकही चढते. 45 ला ती 120 सांगते, खरं उत्तर 113.

उलट दिशेने ही चूक जास्त नडते. अमेरिकेत फिनिक्सला राहणारा भाचा फोनवर म्हणतो, ‘आज 113 आहे, मामा.’ मामा 30 वजा करून निम्मे करतात: साडेएकेचाळीस. एवढंच ना, आमच्याकडे मे महिन्यात रोजचंच आहे! प्रत्यक्षात तिथे 45 आहे. मैदानी भागात 45 गाठले की आपलं हवामान खातं त्याला सरळ उष्णतेची लाट म्हणतं.

तापाच्या बाबतीत तर ही युक्ती घरात येऊच देऊ नये. 104 मधून 30 गेले 74, निम्मे 37. म्हणजे फणफणलेलं पोर हिशोबात ठणठणीत! इथे आकडेमोड करूच नका, चार जोड्या पाठ ठेवा: 37 म्हणजे 98.6, 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2, 40 म्हणजे 104. घरातला थर्मामीटर एक भाषा बोलतो आणि परदेशातल्या मुलीने पाठवलेला दुसरी, तेव्हा एवढं पुरतं.

ज्याला उत्तर अचूक हवं, त्याने दुप्पट करून त्यातला दहावा हिस्सा काढावा आणि मग 32 मिळवावेत. 45 चे 90, त्यातून 9 गेले 81, अधिक 32, झाले 113. एकच पायरी जास्त, चूक शून्य. कारण साधं आहे: गुणायचं असतं 1.8 ने, आणि 2 मधून त्याचाच दहावा हिस्सा गेला की 1.8 च उरतात. 30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश झळकले होते. याच रीतीने करून बघा: 112, वजा 11.2, अधिक 32, म्हणजे 132.8. जगातला मान्य उच्चांक डेथ व्हॅलीचा, 1913 सालचा, 134. आपला आकडा त्याच्या इतका जवळ गेला म्हटल्यावर शंका यायलाच हवी होती, आणि नंतर हवामान खात्याने सेन्सरमधला बिघाड सांगितलाच. ‘दुप्पट अधिक तीस’ने तेच 142 आले असते, थेट जागतिक विक्रमाच्या वर.

फॅरेनहाइटवरून उलटं यायचं तर 32 वजा करा, निम्मे करा, आलेल्याचा दहावा हिस्सा त्यातच मिळवा. 102 चे 70, मग 35, मग साडेअडतीस. खरं उत्तर 38.9, पण अंदाजाला ठीक.

माझं मत विचाराल तर नागपूरकराला यातलंही काही रोज लागत नाही. 40 म्हणजे 104 एवढं डोक्यात बसवा आणि पाचाला नऊ या हिशोबाने पुढे-मागे सरका: 35 ला 95, 45 ला 113. मधल्या अंशांना दोन-दोन धरले की 43 चे 110 येतात, खरे 109.4. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, यापेक्षा बारीक हिशोब कोणाला हवाय? शिवाय ही शिडी दोन्ही दिशांनी चालते, सूत्र उलटं करायची कटकट नाही. 

उणे 40 ला दोन्ही मोजमापं एक होतात, त्यावरही एक रीत आहे: 40 मिळवा, नऊ पंचमांशाने गुणा, 40 वजा करा. परत येताना फक्त गुणक उलटा. गणित आवडणाऱ्यांना ती फार देखणी वाटते. पण 45 साठी 85 चे नऊ पंचमांश तोंडी करायला लागलं की उत्साह ओसरतो. 16 चे 61 आणि 28 चे 82 ही आकडे उलटवण्याची गंमत मुलांना शिकवा. 28 ची जोडी कधीतरी एसीच्या रिमोटवर उपयोगी पडेल.

ओव्हनची गोष्ट मात्र निराळी. अमेरिकन पाककृतीत 350 लिहिलं असेल तर काहीही वजा न करता निम्मे करा. 175 येतात, खरे 177. 320 ला तर बरोबर 160. इथे आधी 30 वजा केले तर ओव्हन 160 वरच राहील आणि केक मधे कच्चा.

आणि ‘तापमान दोन अंशांनी उतरणार’ अशी बातमी भाच्याला सांगताना 32 चा विचारच नको. तो फरक आहे, नुसता 1.8 ने गुणायचा: साडेतीन अंशांच्या थोडा वर.