रीपर, म्हणजे गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर, वापरून साडेतीन वर्षं झाली, त्यातल्या प्लगिनबद्दल (आवाजावर काम करणारे, वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) थोडं लिहितो

गेल्या आषाढीच्या आधी आमच्या गावच्या भजनी मंडळाचे सहा अभंग रेकॉर्ड केले होते, सकाळी बुवांना पेनड्राइव्ह द्यायचा ठरलेला आणि रात्री साडेअकराला प्रोजेक्ट उघडायला गेलो तर लोड होता होता सॉफ्टवेअरच बंद. परत उघडलं, परत बंद. असं तीनदा. दुपारी मी एक रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारा प्लगिन, अपडेट केला होता, कंपनीचं नाव घेत नाही कारण वाजतो तो छानच, पण त्या रात्री त्याने घाम फोडला. तर रीपरमध्ये फाइल उघडायची खिडकी येते ना, तिथे एक बारकी टिक असते, एफएक्स (म्हणजे प्लगिनच) ऑफलाइन ठेवून उघडा, रिकव्हरी मोड. ती मारली आणि प्रोजेक्ट उघडलं, सगळे ट्रॅक जागच्या जागी, फक्त प्लगिन झोपलेले. मग एकेकाला उठवत गेलो, रिव्हर्बला नाही उठवलं, त्याच्या जागी रीपरचा स्वतःचा टाकला आणि दीडला फाइल बाहेर काढून झोपलो. बुवांना काही फरक कळला नाही, मला कळला, असो.

तर रिव्ह्यू लिहायचं कारण हे. रीपरची तारीफ करणारे बहुतेक जण किमतीपासून सुरुवात करतात, मी म्हणतो किंमत नंतर बघा, आधी हे बघा की दुसऱ्यांनी बनवलेले प्लगिन हे सॉफ्टवेअर कसं सांभाळून घेतं. आपल्यासारख्या घरात स्टुडिओ थाटलेल्या माणसाकडे प्लगिन म्हणजे भंगारवाल्याचं दुकान असतं, दोन विकत घेतलेले, दहा फुकटचे, चार असे की बनवणारा कधीच गायब झालाय. प्लगिन वेगवेगळ्या प्रकारांत येतात, त्यातलं रीपर व्हीएसटी घेतं, व्हीएसटी३ घेतं, मॅकवर एयू, शिवाय एलव्ही२, आणि २०२२ मध्ये यू-ही आणि बिटविग या कंपन्यांनी जो क्लॅप नावाचा नवा प्रकार आणला तोही घेतं. जुन्या व्हीएसटी२ ला तो बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने स्वतःच नारळ दिलाय, २०१८ पासून तसे प्लगिन बनवायचं किट मिळत नाही, पण माझ्याकडचे जुने प्लगिन रीपरमध्ये अजून वाजतात. एक तानपुऱ्याचा ३२ बिटवाला आहे, कुठल्या जमान्यातला देव जाणे, तोही ६४ बिटच्या रीपरमध्ये आपोआप मधे पूल बांधून चालतो, मला काही वेगळं टाकावं लागलं नाही. कधीकधी त्याची खिडकी हँग होते पण सूर लागलेला असतो, तेवढं बास.

आता खरी कामाची गोष्ट. प्लगिनच्या नावावर राइट क्लिक केलं की 'रन अॅज' असा पर्याय येतो, त्यात तो प्लगिन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवता येतो. म्हणजे त्याचं ताट पंगतीत न वाढता बाहेर ओट्यावर वाढायचं, त्याने सांडलं तर त्याच्यापुरतं, बाकीची पंगत उठत नाही. तो रिव्हर्ब आता माझ्याकडे कायम ओट्यावर असतो, त्यानंतर दोनदा कोसळला पण प्रोजेक्ट उघडंच राहिलं. सगळ्यांनाच असं करू नका मात्र, मी उत्साहात केलं होतं आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप रडायला लागला, प्रत्येक वेगळ्या प्रोसेसला मेमरी वेगळी लागते. जो त्रास देतो त्यालाच. कोण त्रास देतो ते परफॉर्मन्स मीटर उघडून बघा, कुठला ट्रॅक किती सीपीयू खातोय ते तिथे दिसतं, माझ्याकडे संशय होता हार्मोनियमच्या ट्रॅकवर आणि निघाला मास्टरवरचा (सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तिथला) लिमिटर, म्हणजे आवाज ठराविक पातळीच्या वर जाऊ न देणारा प्लगिन. त्याच लिमिटरमुळे गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू यायचा आणि मी उगाच ऑडिओ इंटरफेसच्या ड्रायव्हरला शिव्या घालत होतो. पुढे कुठला आवाज येतोय ते आधी बघून काम करणारे असे प्लगिन आवाज थोडा मागे ठेवतात, मिक्स करताना रीपर बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे सरकवून हिशोब जुळवतं, पण लाइव्ह गाणाऱ्याला कसं सरकवणार? रेकॉर्डिंगच्या वेळी ते बायपास करा, म्हणजे तेवढ्यापुरते बाजूला ठेवा.

सोबत येणारे प्लगिन दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखे आहेत, करडे, स्लायडरच स्लायडर. काम चोख. रीईक्यू, म्हणजे रीपरचा इक्वलायझर, माझ्याकडे प्रत्येक ट्रॅकवर असतो, पखवाजाच्या धुम्याची घुमघुम आवरायला दुसरं काही लागत नाही. रीएफआयआर तर वेगळाच प्रकार, सबट्रॅक्ट मोडवर ठेवून नुसत्या पंख्याचा आवाज दोन सेकंद ऐकवायचा आणि मग नॉइज प्रोफाइलची टिक काढायची, पंखा गायब. टिक काढायला विसरलात तर गायकही गायब, माझं झालंय. सूर दुरुस्त करणारा रीट्यून मात्र जपून, ऑटोमॅटिकवर ठेवला की मींड पायऱ्या पायऱ्यांची होते, अभंगात तर अगदी केविलवाणं वाटतं, मी हाताने एखादा सूर ओढतो तेवढंच. आणि विंडोजवर दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीही ऐका, यातले बरेचसे रीप्लग्स नावाने वेगळे फुकट मिळतात.

जेएसएफएक्स म्हणून अजून एक चीज आहे, छोटे प्लगिन जे साध्या टेक्स्टमध्ये लिहिलेले असतात, उघडून आत हात घालता येतो. मला कोडिंग येत नाही, पण आवाज कमीजास्त करणाऱ्या एकाची रेंज मी स्वतः बदलली आणि दिवसभर घरात मिरवत होतो.

हे सगळं बनवणारी कंपनी कोकॉस, जस्टिन फ्रँकेलची. म्हणजे ज्याने विनअॅम्प बनवला तोच. सायबर कॅफेत विनअॅम्पवर गाण्याच्या तालावर नाचणारी रंगीत चित्रं बघितलेल्यांना आठवेल, तीही प्लगिनच होती, त्यामुळे या माणसाला ही सवय जुनी आहे. रीपरचं १.० आलं २००६ मध्ये, सध्या ७ चालू आहे. ६० दिवस सगळं उघडं वापरायला देतात, नंतरही कुलूप लागत नाही, फक्त दर वेळी काही सेकंद थांबवून आठवण करून देतात. लायसन्स ६० डॉलर, म्हणजे आपले पाच हजाराच्या वर, धंद्यातून वर्षाला २० हजार डॉलरहून जास्त कमावत असाल तर २२५. मी ६ चालू असताना घेतलं त्यात ७.९९ पर्यंतचं सगळं आलं. ६० दिवसांनंतर वर्षभर फुकट वापरत बसलो होतो, ती आठवणीची खिडकी बघून शेवटी मलाच लाज वाटली.

खोट काय? वाद्यं नाहीत. एकदोन साधे सिंथ (कृत्रिम आवाज तयार करणारे) आणि एक सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारा), संपलं. तबला, ढोलकी, बासरी काही म्हणजे काही नाही, ज्याला उघडल्या उघडल्या बीट वाजवायचाय त्याने याच्या वाटेला जाऊ नये, किंवा आधी व्हायटलसारखे फुकट सिंथ उतरवून घ्यावेत. मेनू तर एवढे आहेत की पहिला महिना मी नुसता हरवलेलो. आणि नवीन प्लगिन टाकला की कधीकधी यादीत दिसतच नाही, तेव्हा घाबरून परत इन्स्टॉल करू नका, प्रेफरन्सेसमध्ये व्हीएसटीच्या पानावर जाऊन रीस्कॅन दाबा. नाहीच दिसला तर फोल्डरचा पत्ता तिथे टाकलाय का ते बघा, माझा तर डेस्कटॉपवर पडला होता.