जुन्या नावाची नवी मोटारसायकल : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

दहा महिने वापरून आणि नऊ हजारांहून थोडे अधिक किलोमीटर चालवून हा अनुभव लिहीत आहे. गाडीच्या टाकीवरचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढील तक्रारी एका कंपनीपेक्षा, बंद पडलेले नाव विकत घेऊन त्याखाली नवी गाडी बनविण्याच्या या साऱ्या प्रकारालाच अधिक लागू पडतात.

डोळ्यांना जुनी दिसणारी ही गाडी हाताला आणि कानाला पूर्णपणे नवी आहे. सिलिंडरवर फिन, म्हणजे हवेने इंजिन थंड करणाऱ्या पात्या आहेत, परंतु इंजिन थंड ठेवण्याचे मुख्य काम पुढे काळ्या रंगात दडविलेला रेडिएटर करतो. यावर काही जण नाक मुरडतात. मला त्यात गैर वाटत नाही. ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीने आपल्या बॉनेव्हिल गाडीला फ्युएल इंजेक्शन दिले तेव्हा थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या भागाला, जुन्या कार्ब्युरेटरचे रूप दिलेच होते. मात्र जुन्या टू-स्ट्रोक जावामध्ये किक आणि गिअर यांसाठी एकच दांडी असे, आणि ती सवय ज्याच्या पायात मुरली आहे त्याला २०१८ साली आलेल्या फोर-स्ट्रोक जावाशी आपले नाते केवळ नजरेचे आहे असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. माझी गाडी पाहून एका वयस्कर गृहस्थांनी 'ही तीच का हो?' असे विचारले, तेव्हा मीही क्षणभर अडखळलो.

चालवायला गाडी समाधानकारक आहे. इंजिन कमी वेगातही कुरकुर न करता ओढते. ताशी ९० किलोमीटरच्या पुढे मात्र कंपनामुळे फूटरेस्टवरील पायांना मुंग्या येतात. जुन्या रूपासाठी ठेवलेल्या मागच्या दोन शॉकअपची चाल तोकडी असल्याने खड्डा थेट कमरेपर्यंत पोहोचतो. तारांची चाके देखणी खरी, पण त्यांत ट्यूब असल्यामुळे दोनदा पंक्चर झाले तेव्हा दोन्ही वेळा चाक उतरविण्यावाचून गत्यंतर नव्हते.

खरा मनस्ताप सुट्या भागांनी दिला. उभी गाडी कलंडून क्लचचा लिव्हर आणि एक इंडिकेटर मोडला, इतकेच. पण ते दोन भाग हाती पडायला सात आठवडे लागले. त्या काळात या पुनरुज्जीवित नावांचा इतिहास वाचत बसलो. इंडियन या अमेरिकी मोटारसायकलचे मूळ उत्पादन १९५३ साली थांबले; पुढे १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील गिलरॉय येथे ते नाव पुन्हा गाड्यांवर आले आणि २००३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. तेथील सुरुवातीच्या 'चीफ' या मॉडेलच्या गाड्यांचे इंजिन मात्र एस अँड एस या वेगळ्या कंपनीचे होते, त्यामुळे नाव बुडाले तरी इंजिन बनविणारे टिकून राहिले. २०११ मध्ये पोलारिस या अमेरिकी वाहन कंपनीने इंडियन घेतल्यावर त्यासाठी स्वतःचे नवे इंजिन घडविले. ट्रायम्फची वाट आणखी निराळी होती. ब्रिटिश उद्योजक जॉन ब्लूर यांनी १९८३ मध्ये ते नाव घेतले, इंग्लंडमधील हिंकली येथे नवा कारखाना उभारून आधी आधुनिक इंजिनांच्या गाड्या विकल्या, आणि बॉनेव्हिल हे लाडके नाव नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बाहेर काढले.

हे वाचल्यावर माझी चूक लक्षात आली. खरेदीच्या वेळी मी टाकीचा आकार, सायलेन्सरचा आवाज आणि रंगाची छटा यांवर तासभर बोललो. इंजिन कोण बनवते, तेच इंजिन आणखी कोणत्या गाडीत आहे आणि भागांचा साठा कोठे असतो, यांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. टाकीवरचे नाव शंभर वर्षांचे असले तरी त्यामागची विक्रीव्यवस्था चार-पाच वर्षांचीच असू शकते, आणि सर्व्हिसिंगला गेल्यावर आपली गाठ त्या व्यवस्थेशीच पडते.

गाडी विकण्याचा विचार तूर्त नाही, कारण सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ती जशी चालते, तशी माझी आधीची कोणतीही गाडी चालली नव्हती. सायलेन्सरच्या क्रोमवर निळसर झाक आली आहे, ती मला आवडते. नटांवरचा गंज आवडत नाही. क्लचचा लिव्हर, केबल आणि दोन ट्यूब मी आता आधीच मागवून घरी ठेवल्या आहेत. जादा इंडिकेटरची मागणी अजून प्रलंबित आहे.